समुद्र तापला तर प्रवाळांना जास्त खाऊन भागवता येईल का?

सागरतळ

मंडळी, प्रवाळांच्या ब्लीचिंगवर (म्हणजे पाणी तापल्यावर पेशीतलं शैवाल गमावून पांढरं पडण्यावर) बोलताना सगळी चर्चा तापमान आणि पेशीतलं शैवाल या दोन गोष्टींभोवती फिरते. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याला तोंड आहे, तो शिकार करतो, ही बाजू मागे पडते. हा धागा त्या बाजूसाठी.

उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या पेशींत झुझॅन्थेली शैवाल राहतं. निरोगी वसाहतीला लागणारी बहुतेक ऊर्जा तेच साखर आणि चरबीच्या रूपात पुरवतं. पण त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस फार कमी असतो. तो रात्री शुंडकं (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) बाहेर काढून पकडलेल्या प्राणिप्लवकातून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांतून), गाळाच्या कणांतून, जिवाणूंतून येतो. निरोगी प्रवाळात रोजच्या खर्चाचा साधारण १५ ते ३५ टक्के वाटा खाण्यातून भागतो असं मोजमापांत दिसतं.

मग शैवाल निघून गेलं तर? हवाईतल्या प्रवाळांवरचा एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. माँटिपोरा कॅपिटाटा ही जात ब्लीच झाल्यावर पाचपटीहून जास्त खाऊ लागली आणि निव्वळ खाण्यावर तिने रोजचा पूर्ण खर्च भागवला. तेव्हापासून 'प्रवाळ खाऊन तगतील' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्याच प्रयोगातल्या पोराइटिसच्या दोन जातींनी मात्र खाणं वाढवलं नाही, शरीरातला साठा जाळला. हा अर्धा भाग कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं असं की खाणं वाढवण्याची क्षमता असणं वेगळं आणि अन्न दारात येणं वेगळं. प्रवाळ जागचा हलत नाही. अन्न त्याच्यापर्यंत आणायचं काम पाण्याचं, आणि तापलेला समुद्र नेमकं तेच काम बिघडवतो. ज्यांचा या विषयात हात आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

खडकमासा

चांगला धागा. आधी एक फरक सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल.

तरंगतं अन्न वेचणारे तळजीव दोन प्रकारचे. शिनाणे, कालवं, तिसऱ्या, स्पंज, ॲसिडियन हे स्वतः पाणी ओढतात आणि गाळतात. पंप चालवायला ऊर्जा लागते, पण पाणी थांबलं तरी जेवण पूर्ण थांबत नाही. प्रवाळ, समुद्रपंखे, हायड्रॉइड यांच्याकडे पंप नाही. जाळं लावून बसायचं आणि प्रवाह जे आणेल ते घ्यायचं.

पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक छोटा प्राणी. त्याचं जेवण टप्प्याटप्प्याने होतं. कण शुंडकाला धडकतो. दंशकोशिका सुटतात किंवा चिकट श्लेष्मा त्याला धरतो. शुंडक तोंडाकडे वळतं, केसलांचे (सूक्ष्म केसांचे) ठोके कण आत ढकलतात, आतले पडदे पचन सुरू करतात. काही जाती पोटातले तंतू बाहेर काढून अंगावर पडलेला गाळसुद्धा तिथल्या तिथे पचवतात.

पाणी फार संथ असेल तर पॉलिपजवळचं अन्न संपतं आणि नवीन येत नाही. फार जोरात असेल तर शुंडकं वाकतात, पकडलेला कण सुटतो आणि शेवटी पॉलिप मिटून घेतो. म्हणून वेग आणि पकड यांचा आलेख टेकडीसारखा येतो, आणि टेकडीचा माथा प्रत्येक जातीचा वेगळा. समुद्रपंखा प्रवाहाला आडवा वाढतो तोही याचसाठी.

कांचनवेल

भूमध्य समुद्राचं उदाहरण इथे सगळ्यात बोलकं आहे. शिवाय ते आपल्या दागिन्यांच्या डब्यातलं आहे. नवरत्नांतलं पोवळं म्हणजे कोरॅलियम रुब्रम, भूमध्य समुद्रातला लाल प्रवाळ. इटलीत नेपल्सजवळचं तोर्रे देल ग्रेको हे त्याच्या घडाईचं जुनं गाव. या प्राण्यात शैवाल अजिबात नसतं, त्यामुळे सगळं पोट खाण्यावर. खोडाची जाडी वर्षाला मिलिमीटरच्या जेमतेम पाव-तृतीयांशाने वाढते. करंगळीएवढी फांदी तयार व्हायला किती दशकं लागत असतील, हिशोब करून बघा.

तिथला उन्हाळा म्हणजे दुष्काळाचा काळ. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतं, दोघं मिसळत नाहीत. खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत, वनस्पतिप्लवक घटतं, मग प्राणिप्लवक घटतं. त्याच वेळी तापमानामुळे शरीराचा खर्च चढलेला असतो. म्हणून पॅराम्युरिसिया क्लावाटा हा जांभळा समुद्रपंखा आणि त्याचे शेजारी उन्हाळ्यात पॉलिप मिटून पडून राहतात. अस्वल हिवाळ्यात झोपतं, हे उन्हाळ्यात. वाढ आणि नवी ऊती घडवणं हिवाळा-वसंतात उरकतं.

स्पेनच्या किनाऱ्यावर लेस्तार्तित इथे १९७४ ते २००६ असं सलग मोजलेलं तापमान आहे. त्यात ही उन्हाळी स्थिती सुमारे ४० टक्क्यांनी लांबलेली दिसते. साठवलेल्या शिधोरीवर जो काळ काढायचा तोच लांबला. १९९९ आणि २००३ मध्ये वायव्य भूमध्य समुद्रात समुद्रपंखे आणि पोवळी मोठ्या प्रमाणावर मेली. १९९९ ला कोमट पाणी सुमारे ४० मीटरपर्यंत उतरून बरेच दिवस तिथेच राहिलं होतं. त्यानंतर २०१५ ते २०१९ अशी सलग पाच वर्षं सामूहिक मृत्यू नोंदले गेले, पृष्ठभागापासून ४५ मीटरपर्यंत. तापलेल्या थराच्या खाली असलेल्या वसाहती मात्र पुष्कळ ठिकाणी वाचल्या.

समुद्रपंखा मरतो कसा, तेही लिहिते. आधी ऊती पातळ होते. मग ती सोलून पडते आणि आतला काळपट कणा उघडा पडतो. काही आठवड्यांत त्यावर हायड्रॉइड आणि शैवालाचा थर चढतो. निम्म्याहून जास्त फांद्या उघड्या पडल्या की उरलेल्या पॉलिपांना ती जागा परत मिळवणं फार अवघड जातं.

तांबूस_फेस

कांचनवेल, 'उष्णतेने मेली' आणि 'उपासमारीने मेली' हे वेगळं कसं ओळखायचं? जिवाणूंच्या संसर्गाचेही अहवाल आहेत ना?

कांचनवेल

आहेत, आणि तिन्ही गोष्टी हातात हात घालून येतात. वेगळं करायचं तर वेळ बघा. उष्णतेची तीव्र लाट आली आणि काही दिवसांतच ऊती सोलली तर उष्णतेचा थेट घाव. २५ अंशांजवळ काही दिवस सलग काढले की या जातींची ऊती मरायला लागते. पण लाट मोठी नसताना ऑगस्ट-सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे उपासाच्या अखेरीला मृत्यू दिसू लागले तर साठा संपल्याचा संशय घ्यावा. खात्री करायची तर जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये त्याच वसाहतींचे छोटे तुकडे घेऊन ऊतीतलं सेंद्रिय द्रव्य आणि चरबी मोजायची. फक्त सप्टेंबरचा नमुना घेऊन काहीच सिद्ध होत नाही. तुलनेला काही उरतच नाही.

सागरतळ

'खर्च चढतो' म्हणजे किती, याचा ढोबळ हिशोब मांडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की चयापचय साधारण २ ते ३ पट होतो, अर्थात सोसण्याच्या मर्यादेत. मधला आकडा अडीच धरला तर २ अंश वाढीला अडीचचा ०.२ वा घात, म्हणजे १.२०. खर्च २० टक्क्यांनी वर.

समजा आधी आवक १०० आणि खर्च १००. आता खर्च १२०. अन्न तेवढंच राहिलं तरी २० ची तूट. अन्न १० टक्के घटलं तर तूट ३०. त्यात १० आठवड्यांचा उपास १४ आठवड्यांचा झाला तर एकूण तूट आणखी ४० टक्क्यांनी मोठी. यातला कुठलाही एक बदल एकटा जीवघेणा नाही. तिन्ही एकाच दिशेने ढकलतात म्हणून जीव जातो. हे आकडे समजण्यासाठी आहेत, कुठल्या विशिष्ट जातीचे नाहीत.

आणि हो, मर्यादेपलीकडे गेल्यावर चयापचय वाढत नाही, कोसळतो. पॉलिप उघडणं थांबतं. 'तापमान वाढलं की भूक वाढते' हा नियम तिथे तुटतो.

गाळगंगा

खोल समुद्राबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

थंड पाण्यातली दगडी प्रवाळं, मुख्यतः लोफेलिया पर्टुसा, जिला आता डेस्मोफायलम पर्टुसम म्हणतात, साधारण ४ ते १२ अंश तापमानात आणि काळोखात राहते. नॉर्वेजवळ ३०० ते ४०० मीटर खोलीवरची रोस्ट ही प्रवाळभित्ती २००२ मध्ये सापडली. ती ३५ किलोमीटरच्या आसपास लांब आहे. तिचं सगळं अन्न वरून येतं, सागरहिमाच्या रूपात: मेलेलं प्लवक, विष्ठा, श्लेष्माचे गोळे.

हे अन्न उतरताना वाटेतच जिवाणू आणि प्लवक खाऊन टाकतात. १०० मीटरवर जे निघालं ते १०० धरलं, तर नेहमी वापरल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे, म्हणजे खोलीचं गुणोत्तर आणि त्याचा उणे ०.८५८ वा घात, ३०० मीटरवर सुमारे ३९ उरतात, ५०० वर २५ आणि १००० वर १४. पाणी तापलं की जिवाणूंचं काम वेगाने होतं, घट आणखी वरच्या थरातच होते. वरची उत्पादकताही थरबंदीमुळे कमी. तळाला दुहेरी फटका.

पण सगळीकडे अन्न असं थेंबाथेंबाने पडत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला मिंगुले भित्तीवर भरती-ओहोटीचा प्रवाह टेकाडावरून जाताना पृष्ठभागाचं पाणी खाली ओढतो, आणि वरचं ताजं प्लवक तासाभराच्या आत तळाला पोहोचतं. तिथल्या प्रवाळांची भिस्त या ओढीवर आहे. वरचा थर जास्त उबदार, म्हणून हलका झाला तर त्याला खाली ओढायला जास्त जोर लागणार. भरतीची ताकद तर तेवढीच राहणार.

खडकमासांच्या टेकडीच्या माथ्याचा आकडाही देतो. लोफेलियावरच्या प्रवाहनळीतल्या प्रयोगांत प्राणिप्लवक सगळ्यात चांगलं पकडलं गेलं ते सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाला. वनस्पतिप्लवकासाठी ५ सेंटिमीटर बरे. जिवंत भित्तीवर वेग याच्या कितीतरी पट जातो, मग ती जेवते कधी? प्रवाह फिरताना आणि भित्तीच्या फांद्यांआडच्या संथ जागेत. म्हणून मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही मोलाचा. तो पाणी संथ करतो. समुद्राच्या वाढत्या आम्लतेमुळे हा उघडा सांगाडा विरघळायला लागला की वरचा जिवंत भाग आधारासोबत जेवणाची जागाही गमावतो.

प्लवकजाळी

मोजमापाबद्दल लिहिते, कारण या विषयातले निम्मे वाद चुकीच्या मोजमापातून येतात. कुणी विद्यार्थी वाचत असतील तर त्यांच्या उपयोगी पडेल.

साधी पद्धत: बंद फिरत्या पाण्याची टाकी, त्यात प्रवाळाचा तुकडा, ठरावीक संख्येने आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जीवाच्या) अळ्या, आणि संख्या किती घटली ते मोजायचं.

अळ्या उबवायला लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम मीठ, २८ अंश, खालून हवा, वरून उजेड, २४ तास. मग हवा बंद करून उजेड खाली धरायचा. कवचं वर राहतात, अळ्या उजेडाकडे जातात, तिथून नळीने ओढून घ्यायच्या. १०० ते १२५ मायक्रॉनच्या जाळीवर स्वच्छ समुद्रपाण्याने नीट धुवायच्या. उबवणीचं पाणी टाकीत गेलं तर त्यातल्या जिवाणूंमुळे श्लेष्मा सुटतो आणि प्रयोग तिथेच बिघडतो.

प्रवाळाला आधी २४ तास उपाशी ठेवायचं. टाकीत ठेवल्यावर पॉलिप पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं, मगच घड्याळ सुरू करायचं. मंद लाल दिवा ठेवा, कारण पांढऱ्या उजेडात अळ्या एका कोपऱ्यात गोळा होतात आणि प्रवाळाने खाल्ल्या असं वाटतं. दुसरी तशीच टाकी प्रवाळाच्या मेलेल्या सांगाड्यासह चालवायची. किती अळ्या नुसत्या खाली बसल्या आणि अडकल्या ते तिच्यावरून कळतं.

उदाहरण घ्या. ३ लिटर पाणी, ५० पॉलिप, २ तास. सुरुवातीला लिटरला १०००. शेवटी प्रवाळाच्या टाकीत ७००, सांगाड्याच्या टाकीत ९५०. १००० भागिले ७०० चा नैसर्गिक लॉग ०.३५७. १००० भागिले ९५० चा ०.०५१. फरक ०.३०५. याला ३००० मिलीने गुणा, २ तासांनी आणि ५० ने भागा. तासाला पॉलिपमागे सुमारे ९.२ मिली पाणी साफ झालं. संख्येत बघितलं तर पॉलिपमागे तासाला साडेसात अळ्या. एका अळीत साधारण १ मायक्रोग्रॅम कार्बन, म्हणजे साडेसात मायक्रोग्रॅम.

चुका इथून पुढे सुरू होतात. याला २४ ने गुणून 'रोजचं खाणं' काढतात. उपाशी पॉलिप पहिले दोन तास हपापून खातो, मग पोट भरतं. दुसरं म्हणजे लिटरला १००० अळ्या निसर्गात नसतात. भित्तीवर लिटरमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं प्राणिप्लवक मिळतं. निदान तीन-चार घनता घेऊन आलेख काढल्याशिवाय समुद्राबद्दल काही बोलू नये. तिसरं, पकडलेलं सगळं गिळलं जात नाही, गिळलेलं सगळं पचत नाही. काही वेळा तासाभराने श्लेष्माचा गोळा बाहेर येतो आणि त्यात अळ्या तशाच दिसतात. टाकीचा तळ तपासा.

क्षेत्रातल्या नमुन्याचंही तसंच. तळातलं प्राणिप्लवक सूर्यास्तानंतर वर येतं. दुपारी जाळं ओढून 'इथे अन्न नाही' म्हणणं चूक. आणि जाळं तळाच्या किती जवळ होतं ते लिहा. लाल समुद्रात इस्रायलमधल्या इलातच्या भित्तीवर तळालगतच्या दीड-दोन मीटरात प्राणिप्लवक वरच्या पाण्यापेक्षा विरळ असल्याचं मोजलं गेलंय. वरच्या पाण्याचा आकडा प्रवाळाच्या ताटाला लागू होत नाही.

तांबूस_फेस

आर्टेमियाला पर्याय नाही का? खऱ्या प्लवकापेक्षा ती संथ पोहते, पकडायला सोपी.

प्लवकजाळी

बरोबर. कोपेपॉड (समुद्रातल्या प्राणिप्लवकातला नेहमीचा जीव) उडी मारून निसटतो, आर्टेमियाची अळी निसटत नाही. म्हणून तिने मिळणारा दर हा वरचा आकडा समजायचा. जंगली प्लवक वापरता आलं तर उत्तम, पण त्याच दिवशीचं आणि आकाराने चाळलेलं हवं. लांब मुदतीचा कल बघायचा तर ऊतीतल्या नायट्रोजन-१५ चं (नायट्रोजनच्या जड प्रकाराचं) प्रमाण मोजा. अन्नसाखळीची एक पायरी चढली की ते हजारी ३ ते ४ ने वाढतं. प्राणी आणि शैवाल वेगळे करून दोन्हींचं मोजायचं. दोघांतलं अंतर वाढलं तर खाण्याचा वाटा वाढला असण्याची शक्यता.

रापण

आपल्या किनाऱ्याचं काय? मालवणच्या खडकांवर पोराइटिस, गोनियास्ट्रिया, टर्बिनेरिया ही प्रवाळं आहेत. पाणी गढूळ, पावसाळ्यात तर हात दिसत नाही. गढूळ पाण्यात अन्नाचे कण जास्त, मग आपली प्रवाळं जास्त टिकावू म्हणायची का?

खडकमासा

रापण, प्रश्न मोलाचा आहे, उत्तर जातीनुसार बदलतं.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर नेमकं हे तपासलं गेलं. गढूळ भागातल्या प्रवाळांची कण पकडायची क्षमता स्वच्छ पाण्यातल्या त्याच जातींपेक्षा जास्त निघाली. दुसऱ्या प्रयोगात गोनियास्ट्रिया रेटिफॉर्मिसने गढूळ, सावलीतल्या पाण्यात कण खाऊन प्रकाशाची तूट भरून काढली. पोराइटिस सिलिंड्रिकाला ते जमलं नाही. एकाच टाकीतली दोन प्रवाळं, दोन वेगळे निकाल. म्हणजे मालवणला 'प्रवाळं टिकतील' असं सरसकट म्हणता येणार नाही, कोणतं ते सांगावं लागेल.

दुसरं, गाळात खाण्याजोगं किती तेही बघायला हवं. खाडीतून येणाऱ्या चिखलाच्या कणावर जिवाणूंचा थर असेल तर ते अन्न. बांधकामाची माती किंवा ड्रेजिंगचा गाळ असेल तर नुसतं ओझं, जे झटकायला श्लेष्मा लागतो, आणि श्लेष्मा म्हणजे खर्चलेला कार्बन. नुसता गढूळपणा मोजून हे कळत नाही. गाळणकागदावर गाळ घ्या, वाळवा, वजन करा, ४५० अंशांना ४ तास जाळा, परत वजन करा. घटलेलं वजन साधारण सेंद्रिय भाग. कागद आधी जाळून घ्यायला आणि मीठ धुऊन काढायला विसरू नका. मीठ राहिलं तर सगळे आकडे फुगतात.

आंग्रिया बँक याच्या उलट. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, माथा २० मीटरच्या आसपास, पाणी नितळ. तिथली प्रवाळं जास्त उजेडावर जगणार हे उघड आहे. मालवणचा निष्कर्ष तिथे लावू नये.

गाळगंगा

आपल्या किनाऱ्यासाठी एक गोष्ट कायम विसरली जाते: प्राणवायू. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर खालचं पाणी वर सरकतं, वनस्पतिप्लवक फोफावतं, अन्नाची चंगळ होते. पण ते पाणी प्राणवायूला कंगाल असतं, आणि वरचं कुजणारं प्लवक उरलासुरला वापरतं. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं नियमित निरीक्षणस्थळ आहे. तिथे पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि लगेच नंतर तळाचा प्राणवायू जवळजवळ संपतो, हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. अन्न पचवायला प्राणवायू लागतो. भरलेलं ताट समोर आणि श्वास घेता येत नाही, अशी ती अवस्था. शिनाण्यांनाही हे लागू. कवच मिटून घेतलं की गाळणं बंद, म्हणजे जेवण बंद. उथळ खडकावर लाटा पाणी ढवळतात म्हणून मालवणच्या किनाऱ्याजवळच्या वसाहतींना थोडं संरक्षण आहे, खोल खडकांना कमी.

सागरतळ

गाळगंगा, हे नोंदवल्याबद्दल मनापासून आभार, माझ्या मांडणीतली ही मोठी फट होती.

प्रवाह आणि अन्न यांचा चांगल्या बाजूचा दाखला अंदमान समुद्रात आहे. थायलंडच्या सिमिलान बेटांच्या पश्चिम बाजूला खोल पाण्यातल्या प्रचंड अंतर्गत लाटा आदळतात. थंड आणि अन्नाने भरलेलं पाणी अचानक वर येतं, काही मिनिटांत तापमान कित्येक अंशांनी पडतं. पूर्वेच्या आडोशाच्या बाजूला हे होत नाही. पश्चिमेची प्रवाळं जास्त खातात, त्यांचा साठाही बरा असतो. एकाच बेटाच्या दोन बाजू असल्यामुळे तुलना विश्वासार्ह होते.

आणि वाईट बाजूचा दाखला पापुआ न्यू गिनीतला. मिल्न बेमध्ये तळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, त्यामुळे तिथलं पाणी शतकाअखेरीस अपेक्षित असलेल्या आम्लतेइतकं आम्ल आहे. तिथे भित्तीत राहणारं, रात्री वर येणारं प्राणिप्लवक शेजारच्या साध्या भित्तीच्या जेमतेम एकतृतीयांश आढळलं. एक कारण असं की फांदीदार प्रवाळं कमी झाल्याने प्लवकाला दिवसा लपायला जागा उरली नाही. म्हणजे आधी घर गेलं, मग शिकार गेली.

रापण

म्हणजे मालवणला मोजायचं ठरवलं तर नुसता तापमापक पुरणार नाही. किमान काय लावावं?

प्लवकजाळी

चार गोष्टी, आणि चारही एकाच खडकावर. तापमान नोंदणारं यंत्र तळाशी, दर १५ मिनिटांनी एक नोंद. त्याच्याजवळ प्राणवायूचा संवेदक, पुसणीसकट, नाहीतर पावसाळ्यात दोन आठवड्यांत त्यावर जीव चढतात आणि आकडे सरकतात. प्रवाहमापक तळापासून अर्ध्या मीटरवर, कारण प्रवाळाला लागणारा वेग तिथला, पृष्ठभागाचा नाही. आणि महिन्यातून दोनदा, अमावास्या आणि पौर्णिमेला, सूर्यास्तानंतर दोन तासांनी प्राणिप्लवकाचा नमुना. तो जाळं ओढून घेऊ नका, जाळं खडकात अडकतं. तळापासून अर्ध्या मीटरवरून पंपाने ठरावीक लिटर पाणी १०० मायक्रॉनच्या जाळीतून काढा आणि लगेच फॉर्मालिनमध्ये टाका.

वसाहती निवडताना गोनियास्ट्रिया आणि पोराइटिस शेजारी-शेजारी असलेल्या घ्या, निदान सहा जोड्या. प्रत्येक जोडीचा फोटो त्याच कोनातून, रात्री, लाल दिव्यात, पॉलिप उघडे की मिटलेले हे दिसेल असा. एप्रिलच्या आधी सुरू करा. मे महिन्यात पांढऱ्या पडल्यावर सुरू केलं तर आधी त्यांचं पोट किती भरलेलं होतं हे कधीच कळणार नाही.

रापण

सहा जोड्या किल्ल्याच्या पश्चिमेच्या खडकांवर मिळतील असं वाटतं. तिथली लाट बघता प्रवाहमापकाला किती वजन लागेल?

खडकमासा

वजनाच्या भरवशावर राहू नका, पावसाळ्यात ते सरकेलच. स्टेनलेसचा खिळा मेलेल्या खडकात छिद्र पाडून बसवा, पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने पक्का करा आणि चौकट त्याला बांधा. जिवंत वसाहतीपासून निदान अर्धा मीटर लांब. तो भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे छिद्र पाडण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी हवी. नमुन्यांच्या परवानगीचा अर्जही त्याच वेळी द्या, दोन्हीला महिने लागतात. एप्रिल गाठायचा असेल तर अर्ज दिवाळीच्या आधी जायला हवा.